खडी गंमत कोणत्या खणात?

२०२३ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत महाराष्ट्रातली तीन नावे एकाच शब्दाखाली आली होती. तबल्याचे झाकीर हुसेन पद्मविभूषण, गायिका सुमन कल्याणपूर पद्मभूषण आणि कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम कोमाजी खुणे पद्मश्री. तिघांचे क्षेत्र ‘कला’. केंद्र सरकारच्या लेखी या एका शब्दात संगीत, चित्रकला, शिल्प, छायाचित्रण, चित्रपट, रंगभूमी असे सगळेच बसते. त्यामुळे तीनताल, भावगीत आणि झाडीपट्टीचे नाटक शेजारी शेजारी छापले गेले आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. वडशापासून गडचिरोलीपर्यंत फटाके वाजले ते वेगळेच.

हाच माणूस मुंबईच्या एखाद्या समितीपुढे ठेवला असता तर पहिला प्रश्न आला असता: यांना कशात धरायचे? खुण्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले आणि आठशेच्या वर भूमिका रंगवल्या. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. म्हणजे नट. पण झाडीपट्टीतला नट गाणे टाळून जगू शकत नाही, विनोदी नट तर नाहीच. मग नाटक, लोककला की संगीत? एका प्रकारासाठी राखलेला सन्मान दुसऱ्या प्रकारातल्या कलावंताला द्यावा का, हा वाद जगभर चालू आहे. आपल्याकडे तो या जंगलाच्या जिल्ह्यांत जितका उघडा पडतो तितका पुण्यात पडत नाही, कारण इथे कलावंत प्रकार बदलतो तो एकाच रात्रीत.

ती रात्र कशी असते ते आधी पाहू. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा आणि झाडीचा मुलूख. दिवाळीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि तिथून होळीच्या आसपासपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. पूर्वी शंकरपटाच्या दिवशी नाटक हमखास ठरलेले असे. दिवसा बैलजोड्या धावायच्या, रात्री पाहुणेमंडळी नाटकाला बसायची. शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्या पाहुण्यांना जमवायला निमित्त उरले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा वाट दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, याचा आनंद बैलवाल्यांइतकाच नाटकवाल्यांनाही झाला.

या व्यवसायाचे केंद्र वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गोंदिया-चंद्रपूर मार्गावरचे हे स्टेशन गडचिरोली जिल्ह्याने कित्येक वर्षे आपले एकमेव रेल्वे स्टेशन म्हणून मिरवले. नाट्यमंडळांची कार्यालये इथेच. गावकरी येतात, पोस्टर पाहतात, तारीख आणि बिदागी ठरवतात. नागपूर-मुंबईचे कलावंतही हंगामापुरते येऊन राहतात. प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटे संपतो. तालमी मोजक्याच होतात, त्यामुळे विंगेतल्या प्रॉम्टरवाचून कोणाचे पान हलत नाही. रंगमंचासमोर वादक बसलेले असतात. पूर्वी हार्मोनिअम आणि तबला, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. नाटक सामाजिक असो की ऐतिहासिक, त्यात पदे असतातच. नायिका रागदारीच्या वळणाचे पद म्हणते, त्याच्या पाठोपाठ विनोदी जोडी चालू सिनेगीताच्या चालीवर स्वतःचे शब्द घालून धमाल उडवते आणि दोन प्रवेशांच्या मध्ये लावणी होते. या लावणीवरून बरीच नाके मुरडली जातात. माझेही नाक थोडे मुरडते, विशेषतः ती नाटकाच्या डोक्यावर बसते तेव्हा. पण प्रेक्षक उठून जात नाही आणि पहाटे चारला तोच प्रेक्षक नायिकेच्या रडण्याबरोबर रडतो, हेही खरे.

या नाटकाच्या पोटात जुने लोकप्रकार आहेत. दंडार आहे, जी गावातलीच पोरे आणि प्रौढ मिळून दिवाळीच्या सुमारास करतात आणि जिच्यात बाईची सोंगे पुरुषच घेतात. खडी गंमत आहे. शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि नाच्या पोरगा घेऊन ती रात्रभर उभ्याने चालते. सवाल-जवाब, लावणी, पोवाड्याच्या वळणाचे कथन आणि गावच्या पाटलाची टिंगल हे सगळे एकाच उभ्या फडात. खडी गंमतीचा शाहीर झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो आणि नाटकाचा पेटीवाला भजनी मंडळातही बसतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिच्यातल्या या कलांची नोंद करण्यात आयुष्य घातले. त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे निदान या प्रकारांची नावे तरी बाहेर पोचली.

आता शासनाचे कपाट उघडून पाहू. महाराष्ट्र राज्य सांस्कृतिक पुरस्कारांना बारा खण आहेत: नाटक, कंठसंगीत, उपशास्त्रीय संगीत, वाद्यसंगीत, नृत्य, चित्रपट, लोककला, शाहिरी, तमाशा, कीर्तन-समाजप्रबोधन, कलादान आणि आदिवासी गिरीजन. यांच्या वरच्या फळीवर जीवनगौरव पुरस्कार आहेत. शास्त्रीय संगीताला पंडित भीमसेन जोशींच्या नावाचा, संगीत रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या, नाटकाला प्रभाकर पणशीकरांच्या, तमाशाला विठाबाई नारायणगावकरांच्या आणि सुगम संगीताला लता मंगेशकरांच्या नावाचा.

खडी गंमतीचा शाहीर यातल्या कोणत्या खणात ठेवायचा? तमाशा म्हणावे तर त्याचा फड नारायणगावच्या राहुट्यांपासून कैक कोस दूर आहे आणि गण-गौळण-वग या घडणीत तो नीट बसत नाही. शाहिरी म्हणावे तर तो नुसता पोवाडे गात नाही. लोककला म्हणावे तर महाराष्ट्रातल्या सगळ्या जागरण-गोंधळ-भारुड-दशावताराच्या रांगेत तो शेवटी उभा राहणार. झाडीपट्टीच्या नाटकाचे तर त्याहून अवघड. ‘नाटक’ या खणावर वर्षानुवर्षे मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांचा हक्क मानला गेला आहे आणि शेतात मंडप ठोकून रात्रभर चालणारे नाटक तिथे आले की त्याला हळूच ‘लोककले’कडे पाठवण्याचा मोह होतो. एका हंगामात एकेक नट शंभरावर रात्री उभा राहतो, तिकीट काढून आलेला प्रेक्षक असतो आणि अनेकांची घरे त्यावर चालतात. ही व्यावसायिक रंगभूमी आहे. तिला लोककला म्हणण्यात गौरव आहे की बाजूला सारणे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी ते बाजूला सारणेच वाटते.

पण खणांची ही गोची फक्त झाडीची नाही. बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ मध्ये मिळाला तो अभिनयासाठी. ज्या माणसाच्या गाण्याने मराठी मध्यमवर्गाचा कान घडवला, त्याची सरकारी नोंद नट म्हणून आहे! कोणी म्हणेल, चूक झाली. मी म्हणतो, त्या काळच्या समितीने बरोबर ओळखले असेल की त्यांचे गाणे भूमिकेपासून सुटे करता येत नाही. जयमाला शिलेदार उभी हयात संगीत रंगभूमीवर गायल्या, त्यांना राज्याचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला, जो सुगम संगीताचा. सुलोचना चव्हाणांनाही तोच मिळाला. त्यांची लावणी तमाशाच्या बोर्डावर न घडता ध्वनिमुद्रिकेच्या आणि चित्रपटाच्या खोलीत घडली होती. लावणीसम्राज्ञी ही पदवी मात्र त्यांना आचार्य अत्र्यांनी दिली. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची लावणी कोल्हाटी समाजाच्या परंपरेतून, बैठकीतून आली आणि अकादमीचा पुरस्कार व २०१२ ची पद्मश्री त्यांच्यापर्यंत पोचायला म्हातारपण यावे लागले. दोघींच्या गाण्याचे नाव एक, पण वाटा दोन. त्या दोघींमध्ये स्पर्धा लावली असती तर प्रसिद्ध आवाज आधी पोचला असता, यात शंका नाही.

इथे या प्रश्नाची खरी गाठ आहे. सरमिसळ चांगली की वाईट, असे सरसकट विचारून काही हाती लागत नाही. दार कोणत्या बाजूने उघडते, ते पाहावे लागते.

अमेरिकेतली काही उदाहरणे या ठिकाणी कामाला येतात, कारण तिथे हे वाद उघड्यावर होतात. पुलित्झर पुरस्कारांच्या संगीत विभागात १९६५ साली निवड समितीने ड्यूक एलिंग्टन यांना विशेष सन्मान देण्याची शिफारस केली आणि मंडळाने ती नाकारली. जॅझ तेव्हा त्या उंबऱ्याच्या बाहेर होते. एलिंग्टन वारल्यावर पंचवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, मंडळाने त्यांना मरणोत्तर मान दिला. त्याआधी १९९७ मध्ये विंटन मार्सालिस या जॅझवाल्याला पुरस्कार मिळाला होता आणि २०१८ मध्ये रॅप करणाऱ्या केंड्रिक लामारला मिळाला. मोठ्या, प्रतिष्ठित घराने आपला दरवाजा खालच्या समजल्या गेलेल्या संगीताला उघडला, तेव्हा त्या घराचे काही बिघडले नाही. अभिजात संगीतकारांचे मार्गही बंद झाले नाहीत.

डॉली पार्टनची गोष्ट वेगळी आणि मला जास्त आवडणारी. कंट्री गाणाऱ्या या बाईचे नाव २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या यादीत आले, तेव्हा त्यांनी जाहीर सांगितले की आपण तो मान कमावलेला नाही, नाव काढा. मतपत्रिका आधीच गेल्या होत्या. लोकांनी निवडून दिले आणि त्यांनी तो नम्रपणे घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी खरोखरच रॉकचा अल्बम काढला. मान आधी, काम नंतर! रे चार्ल्सचे नेमके उलटे झाले. त्यांनी १९६२ मध्येच कंट्री गाण्यांचा अल्बम करून त्या संगीताला नवे कान मिळवून दिले होते, पण कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्यांचे नाव घेतले ते २०२१ मध्ये, ते जाऊन सतरा वर्षे झाल्यावर.

आणि पॉप गायिका बियॉन्से. २०२५ च्या ग्रॅमीत तिच्या अल्बमला सर्वोत्तम कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळाला. आदल्या वर्षी कंट्रीवाल्यांच्या स्वतःच्या संघटनेने मात्र तिला एकही नामांकन दिले नव्हते. काही महिन्यांतच ग्रॅमीने कंट्रीचा खण दोन भागांत चिरला, एक पारंपरिक आणि एक समकालीन. आत कोणी आले की आतले लोक आणखी आतली खोली बांधतात, हा मनुष्यस्वभाव. त्यातून जुनेजाणते वाचले की नवी माणसे अडली, हे कळायला काही वर्षे जावी लागतील.

या सगळ्यातून गडचिरोलीला घेण्यासारखे काय? एवढेच, की कंट्री, रॉक, रॅप हे सगळे मोठ्या बाजाराचे प्रकार आहेत. तिथे आत येणारा आणि आधी आत असलेला दोघेही पोटभर खाऊन आहेत. आपल्याकडे लोककलेच्या पुरस्काराची रक्कम म्हणजे एखाद्या शाहिराच्या घराचे छप्पर असते. त्या खणात सिनेमात लोकगीते गाऊन नावारूपाला आलेला गायक आणून बसवला, तर त्याच्या भिंतीवर आणखी एक स्मृतिचिन्ह लागेल आणि इकडे एक छप्पर राहील. म्हणून मोठ्या घराचे दार खालून येणाऱ्याला उघडे असावे आणि लहान घराला आतून कडी असावी, हे मला न्याय्य वाटते. समान नियमाचा आग्रह धरणारे यावर नाराज होतील. पण समान नियम समान जमिनीवरच शोभतो.

कडीचाही दुरुपयोग होतो, हे मात्र सांगितले पाहिजे. बारा खणांपैकी अकरा खणांना कलेची नावे आहेत किंवा कलेच्या कामाची. बाराव्याला माणसांचे नाव आहे: आदिवासी गिरीजन. हा खण केला तेव्हा हेतू चांगला असणार. नसता तर गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या माणसाचा कोणी विचारच केला नसता. पण त्याचा परिणाम पाहा. तिथला माडिया आदिवासी गायला, नाचला, त्याने वाद्य वाजवले, कथा सांगितली, काहीही केले तरी तो याच एका खणात जातो. पालघरच्या वारल्याचे वादन आणि एटापल्लीच्या माडियाचे गाणे यांच्यात काहीही साम्य नसताना ते एकमेकांशी स्पर्धा करतात. त्याचे वाद्यवादन ‘वाद्यसंगीत’ का नाही? कंठसंगीत हे नाव फक्त रागालाच लागते का? २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची सुमारे ३९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. इतक्या लोकांच्या सगळ्या कलांना वर्षाकाठी एका खणाचा काही हिस्सा, असा हा हिशेब.

त्यांचे संगीत कसे आहे, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे प्रकार ही कल्पनाच पातळ होते. गोंड परंपरेत लिंगो हा मूळ पुरुष. घोटुलची, म्हणजे तरुण-तरुणींच्या सामूहिक घराची, रीत त्याने घालून दिली आणि तो अठरा वाद्ये एकटा वाजवत असे, अशी कथा बस्तरकडे सांगतात. व्हेरियर एल्विन यांनी मुरियांच्या घोटुलवरचे आपले मोठे पुस्तक १९४७ मध्ये छापले, त्यात हा लिंगो भेटतो. गडचिरोलीच्या माडिया गावांतही घोटुल आहे आणि रेला आहे. तरुण-तरुणी हातात हात गुंफून ओळ करतात, पावले एकत्र पडतात, गाणे एका बाजूने उचलले जाते आणि दुसऱ्या बाजूने परत येते. लग्नात रेला, पंडुमाच्या सणात रेला. त्यातले गाणे काढून घेतले तर नाच उरत नाही, नाच काढला तर गाणे उघडे पडते. श्रोता वेगळा नसतोच, जो आला तो ओळीत शिरतो.

दक्षिणेला राजुरा, कोरपना, जिवती या चंद्रपूरच्या तालुक्यांत चित्र वेगळे. तिथले गोंड आणि कोलाम तेलंगणाच्या आदिलाबाद मुलखाशी रोटीबेटीने जोडलेले. ढेमसा नाचतात. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे टोप घालून घुसाडी निघतात. परधान हे गोंडांचे भाट, आणि किकरी हे त्यांचे धनुकलीने वाजवायचे तंतुवाद्य. गोंडांच्या वंशकथा त्या किकरीवर पिढ्यान्पिढ्या जपल्या गेल्या. परधानाला कोणी विचारले की तू गायक की इतिहासकार, तर तो बहुधा विचारणाऱ्याकडेच नवलाने पाहील.

आता सीमेची गंमत. याच घुसाडी नाचासाठी तेलंगणातल्या मार्लवाईच्या कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. क्षेत्र पुन्हा ‘कला’. मार्लवाई म्हणजे हायमेंडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मुक्काम केलेले गाव. तिथून जिवतीचा डोंगर फार लांब नाही. राज्याची रेषा ओलांडली की तोच नाच, तेच टोप, तीच दिवाळी, पण अर्ज भरायचे कार्यालय बदलते आणि खणही. कनक राजू ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्यासारखा एखादा नाव मिळालेला घुसाडी आपल्या बाजूला असता तर महाराष्ट्राने त्याला नृत्याचा पुरस्कार दिला असता की गिरीजनाचा? जव्हारच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांचा तारपा मात्र संगीत नाटक अकादमीने ओळखला, हे नमूद करायला हवे. अकादमीकडे ‘पारंपरिक, लोक व आदिवासी’ असा रुंद विभाग आहे. तिथेही स्पर्धा भारतभरच्या कलांशी, पण निदान वाद्याचे नाव लिहिले जाते.

चिमूरकडे वळलो की खण आणखी ढासळतात. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हणत चंद्रपूर जिल्ह्याचा हा भाग पिंजून काढला होता. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरने इंग्रजांविरुद्ध जो उठाव केला त्यामागे त्या भजनांचा हात होता, असे इंग्रज सरकारलाही वाटले आणि महाराजांना तुरुंगात टाकले गेले. ही भजने भक्तिसंगीत, शाहिरी की समाजप्रबोधन? त्यांची खंजिरी वाद्यसंगीतात धरायची का? सरकारला नशिबाने हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना राष्ट्रसंत ही पदवी मिळाली आणि ती कोणत्याच खणात बसत नाही. पण आजही महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रत्येक शाखेत एक तरी खंजिरीवाला असा असतो ज्याची बोटे एखाद्या तबलजीला विचारात पाडतील. त्याला कीर्तन-प्रबोधनाच्या खणात पाठवले की समिती त्याचे बोलणे ऐकते, बोटे नाही.

आणखी दोन कोपरे आहेत, जे मराठी वादात कोणी आणत नाही. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत, साठच्या दशकापासून. तिथे बंगाली नामकीर्तन चालते, पिढी तिसरी-चौथी झाली. महाराष्ट्राच्या कीर्तनाच्या पुरस्कारात तिथला कीर्तनिया बसेल का? नारदीय आणि वारकरी या दोन वाटांपलीकडे आपली व्याख्या गेलेली नाही. आणि गोदावरी-प्राणहितेच्या संगमावरचे सिरोंचा तेलुगू बोलते. तिथल्या कथागायकाला मुंबईची समिती मराठी समजून ऐकणार की तेलंगणाकडे बोट दाखवणार? या दोन कोपऱ्यांसाठी प्रकाराच्या आधी भाषेची भिंत आहे.

विरुद्ध बाजूचा एक युक्तिवाद मला गंभीर वाटतो. खण मोडले आणि सगळ्यांसाठी एकच ‘कला’ ठेवली, की मोजण्याचे माप हरवते. ढोलकीचा जाणकार ढोलकीवाल्याची चूक ओळखतो. ‘कला’चा जाणकार फक्त प्रसिद्धी ओळखतो. पद्मच्या यादीत खुणे आले ते त्या एका शब्दाच्या औदार्यामुळे, हे खरे. पण त्याच शब्दामुळे दरवर्षी चित्रपटाचे चेहरे पुढे जातात, हेही खरे. त्याच २०२३ च्या यादीत रवीना टंडन होत्याच. म्हणजे मोठा खण सगळ्यांना सामावतो, पण त्यात लहान वस्तू तळाशी जाते.

मग उपाय? माझे मत सांगतो. कलावंत कुठल्या प्रकारातून आला, हे विचारणे सोडून द्यावे. त्याने या प्रकारात काय केले, एवढेच पाहावे. रे चार्ल्सला हा नियम लावला असता तर चाळीस वर्षे आधी दार उघडले असते. सिनेगायकाने दंडारीसोबत दहा दिवाळ्या घालवल्या आणि दंडारीत काही भर घातली, तर त्याला लोककलेचा पुरस्कार द्यायला माझी हरकत नाही. पण दंडारीची चाल उचलून हिट गाणे केले, एवढ्यावर नको. उलट बाजूने, झाडीपट्टीत चाळीस वर्षे पदे म्हणणाऱ्या नटाचे नाव किर्लोस्करांच्या पुरस्कारासाठी यायला हवे. लोककलेत ढकलायची गरज नाही. किर्लोस्करांची मंडळी तरी काय करत होती? गावोगाव फिरून रात्र जागवत होती. ती परंपरा आज अखंड कुठे चालू असेल तर वैनगंगेच्या काठी.

दुसरे, माडिया गायकाचा विचार कंठसंगीतात करायचा तर समितीत माडिया समजणारा माणूस हवा. हे अशक्य नाही. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत २०११ पासून आहे आणि तिथे ही भाषा घरी बोलणारी मुले शिकतात. मुंबईच्या समितीला चार दिवस एटापल्लीत बसवणेही अशक्य नाही. हंगामात न्यावे म्हणजे त्यांनाही नाटक घडेल. आणि पुरस्कारासाठी ध्वनिफीत मागवण्याची पद्धत या कलांना लावूच नये. रेला ध्वनिफितीत अर्धाच येतो.

मानधनाचा प्रश्न वेगळा, पण खणांनीच अडवलेला. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत सन्मान योजनेत पूर्वी अ, ब, क अशा तीन श्रेणी होत्या आणि श्रेणीप्रमाणे रक्कम कमी-जास्त होई. राष्ट्रीय पातळीवर नाव असलेला वर, जिल्ह्यापुरता खाली. २०२४ पासून सगळ्यांना महिन्याला सरसकट ५,००० रुपये झाले. माझ्या माहितीत कलेच्या क्षेत्रातला हा सर्वात शहाणा सरकारी निर्णय आहे, कारण त्याने एकदाचे मान्य केले की जिल्ह्यापुरता कलावंत हा कमी कलावंत नसतो. पुरस्काराच्या खणांनाही हाच न्याय लावायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

एक अडचण मात्र खरोखर उरते. पुरस्कार एका माणसाला देण्याची आपली रीत आहे. दंडारीला, रेलाला, ढेमशाला एक माणूस नाही. ओळीतल्या एकीला निवडून शाल घातली तर बाकीच्यांचे काय, आणि ती एक तरी खुशीने पुढे येईल का? सामूहिक पुरस्कार दिला की अधिकारी विचारतात, धनादेश कोणाच्या नावाने काढायचा. याचे उत्तर धानोरा तालुक्यात तयार आहे. लेखा-मेंढाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात. ग्रामसभेचे बँक खाते आहे, हिशेब सभेत वाचला जातो. बांबूचे पैसे ज्या खात्यात येतात, तिथे रेलाचेही यायला हरकत नसावी.